नॅशनल परमिट, मुक्काम वाडी

ट्रकच्या कपाळावर ठळक अक्षरांत 'नॅशनल परमिट' लिहिलेलं आहे. त्याच ट्रकखाली, चाकांमधल्या सावलीत खर्रा घोटत बसलेला जो पोट्टा दिसतो, तो या गाडीचा ड्रायव्हर. परमिटाच्या मते ही गाडी श्रीनगरपर्यंत जाऊ शकते. सेठच्या मते कळमन्यापर्यंत.

नागपूरच्या अमरावती रोडवरची वाडी, भंडारा रोडवरचं कापसी, कामठी रोडवरचा ऑटोमोटिव्ह चौक, कुठंही जा, हा नवा उस्ताद भेटतोच. आधी कुणाचा तरी छोटा हत्ती हाकलेला. जड गाडीच्या परवान्यासाठी वयाची वीस वर्षं पूर्ण हवीत आणि त्याआधी हलक्या गाडीचं लायसन वर्षभर खिशात हवं, ही अट त्यानं दिवस मोजून पार पाडली. हेवीचं लायसन हातात आलं तेव्हा त्याला वाटलं, सुटलो, आता वाट पाहणं संपलं. या धंद्यात गाडी चालवणं हे जोडकाम आहे आणि वाट पाहणं ही खरी नोकरी, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

बुटीबोरीची एक खेप घ्या. भल्या सकाळी कंपनीच्या गेटवर गाडी लावायची आणि चिठ्ठीवर नंबर घ्यायचा. नंबर लागला की काट्यावर रिकामं वजन. मग माल भरायची पाळी येते, तेव्हा हमाल नेमके जेवायला बसलेले. त्यांचं जेवण झालं की बिल्टी करणारा बाबू उठतो. गाडी भरली की पुन्हा काटा. वजन थोडं जास्त भरतं, दोन पोती खाली उतरतात, ती कोणाची यावर सभा भरते. ताडपत्री ओढून दोर आवळून निघावं, तर शहराच्या तोंडाशी जड वाहनांना नो एंट्री. ती उठेपर्यंत पानठेला. शेवटी कळमन्याला पोचलं की गोदामाची किल्ली ज्याच्याकडे, तो तेरवीला गेलेला असतो. एवढ्या महाभारतात गाडी पळते पस्तीस-चाळीस किलोमीटर, आणि भत्ता मिळतो एका खेपेचा. सेठ रोज सकाळी "आज दोन खेपा होऊन जाईन" म्हणतो. त्याचा हा आशावाद मला खरोखर थोर वाटतो.

लाइनच्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या, गाडीवरचा ड्रायव्हर वेगळ्या हिशेबात जगतो. किलोमीटर वाढले की पैसे वाढतात, खुराकी निराळी, आणि ठरल्यापेक्षा डिझेल कमी लागलं तर काही ठिकाणी तेही त्याच्या पदरात. आमच्या उस्तादाच्या गाडीत वाचवण्याइतकं डिझेल जळतच नाही. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं ड्रायव्हरच्या कामाला दिवसाचे आठ तास ठरवून दिले होते. आमचा उस्ताद स्टिअरिंगवर जेमतेम दोन तास बसतो. उरलेल्या दहा-बारा तासांना काम म्हणायचं की आराम, यावर त्याचं आणि सेठचं अजून एकमत झालेलं नाही.

आणि हे सगळं नागपुरात! देशातला सर्वांत लांब महामार्ग, श्रीनगर-कन्याकुमारी, इथून जातो. जुने ड्रायव्हर त्याला अजूनही 'सात नंबर' म्हणतात. सुरतेहून कोलकात्याला जाणारा 'सहा नंबर'ही इथलाच. समृद्धी इथून सुरू होते. 2022 च्या डिसेंबरात ती शिर्डीपर्यंत उघडली आणि 2025 च्या जूनमध्ये 701 किलोमीटर पुरी झाली. इथले खासदार देशाचे रस्तेमंत्री. लग्नाच्या पंगतीत सगळ्यांना बुंदी वाढून स्वतः उपाशी फिरणाऱ्या पोरासारखी आमच्या उस्तादाची गत. नामक्कलची गाडी जाते, हरयाणाची जाते, आणि हा रिंग रोडवर रिव्हर्स घेत असतो. याचा रिव्हर्स गियर टॉपच्या आधी झिजेल, यावर पैज लावायला मी तयार आहे.

पण ज्ञान म्हणाल तर अफाट. धाब्यावर परप्रांतीय ड्रायव्हर गाठून त्यानं सगळा देश तोंडपाठ केला आहे. पेंचजवळ महामार्ग उचलून खालून जनावरांसाठी वाट ठेवली आहे ना, तिथली कथा तो अशी सांगतो: "वरून आपली गाडी चाल्ली, खालून वाघ चाल्ला. दोघंही आपापल्या लाइनीवर!" स्वतः तो मनसरच्या पुढे गेलेला नाही.

ऑक्टोबर 2025 पासून नव्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाल्याचं त्यानं ऐकलं, आणि मेच्या पंचेचाळीस डिग्रीत सेठपुढे विषय काढला. सेठ म्हणाला, "जुन्या गाडीले कायचा एसी? गाडी चालली का हवा लागते."

"पण चालतेच कुठी, सेठ?"

त्याच सेठकडे एक म्हातारा उस्ताद आहे. अर्धं आयुष्य लाइनवर गेलं, कंबर गेली, आता त्याला लोकलची गाडी हवी आहे. म्हणजे अदलाबदल केली की दोघंही खूश. पण सेठ याला सांगतो, "पुढच्या महिन्यात लाइन देतो," आणि त्याला सांगतो, "पुढच्या महिन्यात लोकल देतो." आशेवर असलेला माणूस पगारवाढ मागत नाही, हे सेठला कोणत्या कॉलेजात शिकवलं, देव जाणे.

घरी आई सोयरिकीवाल्यांना सांगते, "पोरगा ऑल इंडिया चालवते." रोज रात्री घरी येऊन पिठलं-भाकर खाणारा ऑल इंडिया ड्रायव्हर मोहल्ल्यानं पहिल्यांदाच पाहिला.

परवा मात्र सेठचा फोन आला. उद्या बाहेरची खेप. आईनं तिखट-मिठाच्या पुऱ्या बांधल्या, स्टिअरिंगला लिंबू-मिरची लागली, चार दोस्तांना फोन झाले. मी विचारलं, "कुठं? हैदराबाद?"

"हिंगणघाट."

"अरे, ते पाऊणशे किलोमीटर!"

"बोरखेडीचा टोल लागते नं काका? टोल लागला का लाइनच समजाची," तो केबिनमध्ये चढत म्हणाला. "अन् रस्ता त कन्याकुमारीचाच हाय. आपण जरासे आधी उतरून रायलो, एवढंच."