डिस्कवैद्य

पाण्याच्या मोटारीचा नुसता आवाज ऐकून बेअरिंग गेलंय की वॉशर, हे सांगणारा एक गृहस्थ प्रत्येक सोसायटीत असतो. तसा लिनक्स चालणाऱ्या प्रत्येक ऑफिसात डिस्कची नाडी बघणारा एक वैद्य असतो. पगारपत्रकावर त्याचं पद भलतंच काहीतरी असतं. पण डिस्क रुसली की साहेबसुद्धा त्याच्याच टेबलाशी जाऊन उभे राहतात. आमच्याकडे त्यांना वैद्यबुवा म्हणतात.

वैद्यबुवा माउसला शिवत नाहीत. त्यांचा सगळा दवाखाना त्या काळ्या खिडकीत. पहिला प्रश्न ठरलेला : ‘‘शेवटचं काय केलंत?’’ आणि रोग्याचं उत्तरही ठरलेलं : ‘‘काहीच नाही हो, आपोआप झालं!’’ यावर ते चष्म्यावरून असं काही बघतात, की माणूस आपणहून कबुलीजबाब देतो.

इतिहास त्यांना घरच्या कुळवृत्तांतासारखा पाठ. एक्स्ट-२ ही फाइल सिस्टम आली १९९३ साली, रेमी कार्ड यांच्या हातून. पण तेव्हा कामाच्या मध्येच वीज गेली, की मशीन पुन्हा सुरू होताना अख्खी डिस्क तपासत बसायचं. २००१ मध्ये एक्स्ट-३ लिनक्सच्या कर्नलमध्ये आली आणि सोबत जर्नल आलं. जर्नल म्हणजे काय, हे वैद्यबुवा अकाउंट्सच्या जोशींना एका वाक्यात सांगतात : ‘‘खतावणीत चढवायच्या आधी रोजकीर्दीत नोंद.’’ २००८ मध्ये एक्स्ट-४ स्थिरावली. कुळवृत्तांत इथे संपतो, कारण चहा येतो.

त्यांची आवडती मात्रा म्हणजे ट्यून-टू-एफएस ही कमांड. एक्स्ट-४ डिस्क तयार करताना एमकेएफएस पाच टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सिस्टमच्या मालकासाठी, बाजूला ठेवतो. चार टीबीच्या डिस्कवर त्याचे झाले दोनशे जीबी! ‘‘एसटीत आमदारांसाठी राखीव बाक असतं ना, तसं,’’ वैद्यबुवा म्हणतात. ‘‘नुसत्या फोटो-व्हिडिओंच्या डिस्कवर आमदार कधी चढत नाही. तिथे या मात्रेनं एक टक्का करा, पुरे. पण ज्या डिस्कवर सिस्टम आहे, तिथलं बाक हलवू नका. तिथे तो खरंच येतो आणि गाडी खचाखच भरलेली असतानाच येतो.’’

मी त्यांच्या दारी गेलो तो पुतण्याच्या मुंजीमुळे. मुंजीचे सगळे फोटो एका डिस्कवर होते. ती भाच्यानं, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या उत्साहात, एक्स्ट-४ करून दिलेली. कॉपी चालू असताना कुणीतरी वायर उपटली (मीच). दुसऱ्या दिवशी डिस्क जोडली, तर पडद्यावर निरोप : सुपरब्लॉकमध्ये बॅड मॅजिक नंबर.

‘‘म्हणजे जादू संपली?’’ मी विचारलं.

‘‘पहिलं पान फाटलंय. पुस्तक असेल अजून.’’

मला वाटलं, आता बोटं विजेसारखी चालतील. छे! त्यांनी आधी डिस्कांची यादी काढली. कुठली एसडीए, कुठली एसडीबी, हे आकारासकट तीनदा मोठ्यानं वाचलं. ‘‘एका अक्षराच्या चुकीनं माणसं स्वतःचीच डिस्क पुसतात.’’ मग माझी डिस्क ‘माउंट’ केलेली, म्हणजे सिस्टमनं वापरात घेतलेली, नाही ना, याची खात्री. ‘‘माउंट असलेल्या डिस्कवर एफएससीके ही तपासणी चालवणं म्हणजे शेगडी पेटती ठेवून गॅसची नळी बदलणं.’’ मग डिस्कची जशीच्या तशी प्रत. ५०० जीबीला दोन तास लागले. वैद्यबुवांनी तेवढ्यात डबा खाल्ला आणि थोडी डुलकीही काढली.

नंतर आला तो ‘एन’. डिस्क सोडवायच्या कमांडचं नाव ‘यूमाउंट’. त्यातला पहिला ‘एन’ फार पूर्वीच गळलाय, आणि घातलात तर कमांड चालतच नाही. पण सुपरब्लॉकच्या प्रती कुठे ठेवल्यात, हे एमके-ई-टू-एफएसला विचारताना मात्र उणे एन हवाच. तो असला तर कमांड फक्त सांगते, करत काही नाही. राहून गेला तर ती निमूटपणे नवी फाइल सिस्टम बांधते, फोटोंच्या छाताडावर. वैद्यबुवांनी ‘एन’ टंकला, हात मांडीवर ठेवले, ओळ डावीकडून उजवीकडे वाचली, मग एंटर. पडद्यावर आकडे उमटले : ३२७६८, ९८३०४...

‘‘हुशार लोक,’’ ते म्हणाले. ‘‘किल्ली एकाच खिळ्याला टांगत नाहीत.’’

३२७६८ नंबरची किल्ली लागली. एफएससीके प्रश्न विचारू लागला : हे दुरुस्त करू? ते मोकळं सोडू? काही जण आधीच ‘वाय’ देऊन ठेवतात, मुलीच्या लग्नाच्या याद्या करताना बापानं सगळ्याला मान डोलवावी तसं. वैद्यबुवा पहिले वीसेक प्रश्न वाचतात, रोग ओळखतात, मगच सरसकट होकार देतात, आणि तोही प्रतीवर.

बरेचसे फोटो जागेवर मिळाले. उरलेले लॉस्ट-अँड-फाउंडमध्ये निघाले. जत्रेत हरवलेल्या पोरांचा तंबू असतो, तसा तो फोल्डर. पोरं सुखरूप, पण नाव कुणालाच सांगता येत नाही. प्रत्येकाच्या गळ्यात नुसता एक आकडा. त्या आकड्यांतून भिक्षावळीचा फोटो हुडकायला वहिनींना दोन रविवार लागले. त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं, ते अजून सुरू झालेलं नाही.

मी पेढे घेऊन गेलो, तेव्हा वैद्यबुवांनी ड्रॉवर उघडून दाखवला. आत दोन डिस्का, दोन्हींवर तारखेची चिठ्ठी. तिसरी सांगलीला बहिणीकडे असते. मी विचारलं, ‘‘तुमची स्वतःची डिस्क कधी दुरुस्त करावी लागली का हो?’’

‘‘कशाला?’’ पेढा तोंडात टाकत ते म्हणाले. ‘‘गेली की टाकून देतो.’’