हंबीररावांनी बहिणीची बाजू का घेतली नाही?

पोरंटोरं ‘पाणी दे गं’ म्हणायचं सोडून ‘आम्हांस पाणी हवे’ म्हणायला लागली, तेव्हाच ओळखायला हवं होतं की घरात ‘छावा’ शिरलाय. १४ फेब्रुवारी २०२५ ला विकी कौशलचा सिनेमा आला आणि शिवाजी सावंतांची संभाजी महाराजांवरची १९७९ सालची कादंबरी दिवाणखान्यात पुन्हा ठाण मांडून बसली. जाडी अशी की आडवं पडून वाचायची सोय नाही. नाकावर आपटली तर डॉक्टरांना सांगायचं काय, औरंगजेब येऊन गेला म्हणून?

पूर्ण वाचली किती जणांनी, ते विचारू नका. आमच्या ओळखीतल्या निम्म्या मंडळींनी सिनेमा बघून कादंबरीवर मत दिलंय. भांडायला मात्र सगळे हजर! आमच्या भिशीत तर चिठ्ठी काढायचीच राहून गेली, आणि कारण काय, तर शिवरायांचे मंत्री अण्णाजी दत्तो. अहो, १६८१ साली हत्तीच्या पायी दिलेला माणूस, आणि त्याच्यावरून साबुदाणावडे गार!

एक तट म्हणतो, सावंतांनी शंभूराजांना न्याय दिला. दुसरा म्हणतो, कादंबरी कसली, ते तर वकीलपत्र! मला विचाराल तर आहेच वकीलपत्र. पण आरोपपत्र आधी कुणी लिहिलं, तेही बघा की. राजांना व्यसनी, तापट, बेजबाबदार ठरवणारी ती गाजलेली बखर मल्हार रामराव चिटणिसांची. लिहिली राजांच्या मृत्यूनंतर शंभरावर वर्षांनी, आणि लिहिणारे कोण? ज्या बाळाजी आवजींना राजांनी मृत्युदंड दिला, त्यांच्याच घराण्यातले. शेजारीण परवाचं भांडण सांगतानासुद्धा चार गोष्टी पदरच्या घालते. इथे तर घरातला माणूस गेलेला. पुढे नाटक-सिनेमावाल्यांनी ‘थोरातांची कमळा’ गाजवली आणि राजांच्या नावाला प्रेमप्रकरण कायमचं चिकटलं. १९६० मध्ये वा. सी. बेंद्र्यांनी कागदपत्रं धुंडाळून चरित्र लिहिलं, पुढे कमल गोखल्यांनीही. पण चरित्रं वाचतंय कोण? रडायला कादंबरीच लागते.

आता पक्षकारावर एवढा जीव म्हटल्यावर गैरसोयीची पानं येणारच. १६७८ च्या डिसेंबरात युवराज थेट मोगल सरदार दिलेरखानाच्या छावणीत गेले आणि वर्षभराने परतले. हे पान निघालं की समर्थकांना एकदम स्वयंपाकघरातल्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. विरोधकही काही कमी नाहीत; त्यांचं वाचन त्याच पानावर थांबतं. पुढे कितीतरी वर्षं औरंगजेबाला दख्खनेत कुणी झुंजवलं, हे विचारलं की त्यांना बस गाठायची असते.

पण खरी चव आहे ती १६८० च्या एप्रिलात. शिवाजी महाराज जाऊन महिना झाला नाही, तोच रायगडावर दहा वर्षांच्या राजारामांना मंचकावर बसवलं. थोरले शंभूराजे पन्हाळ्यावर, त्यांना पकडायला मोरोपंत आणि अण्णाजी निघालेले. आणि सरनौबत हंबीरराव मोहिते काय करतात? ते सोयराबाईंचे सख्खे भाऊ. म्हणजे राजारामांचे मामा! ते त्या मंत्र्यांनाच धरतात आणि सवतीच्या मुलासमोर नेऊन उभे करतात. बहिणीच्या मुलाचं राज्य भावानेच घालवलं! यावर भिशीत जी शांतता पसरली ती फार तर अर्धा मिनिट टिकली. मग एक वन्सं म्हणाल्या, ‘आमच्या दादानेही वाटणीच्या वेळी हेच केलं.’ त्यानंतर इतिहास संपला आणि सातबारा सुरू झाला.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या एक सासूबाई बोलल्या, ‘आईने पोटच्या पोरासाठी गादी मागितली तर बिघडलं काय?’ त्यांच्या सुनेने हातातली बशी खाली ठेवली. तिला दीर आहे, धाकटा.

शिर्क्यांचं प्रकरण तर विचारूच नका. गणोजी शंभूराजांच्या राणी येसूबाईंचे भाऊ, शिवाय शिवरायांच्या कन्येचे, राजकुंवरचे पती. म्हणजे राजांचे दोन्ही बाजूंनी मेहुणे. सिनेमाने फितुरीचं खापर त्यांच्या माथी फोडलं, शिर्के घराण्यातले वंशज संतापले, दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी दिलगिरी व्यक्त केली. वर खुलासा असा, की आम्ही गणोजी आणि कान्होजी एवढंच म्हटलं, आडनाव घेतलंच नाही! महाराष्ट्रात? जिथे ‘कुठले तुम्ही’ विचारल्याशिवाय चहा गाळत नाहीत, तिथे आडनाव लपून राहतं होय!

कादंबरीच्या भाषेवरूनही दोन गट आहेत. काहींना ती अलंकारांनी वाकलेली वाटते. मलाही अधूनमधून वाटते, पण संगमेश्वरला राजे पकडले जातात, त्यापुढची पानं आली की अलंकार मोजायचे राहून जातात, हे खरं.

पुढच्या भिशीला विषय ठरलाय राजारामांच्या राणी ताराबाई. कोल्हापूरच्या माहेरवाशिणी एका बाजूला बसणार, साताऱ्याच्या दुसऱ्या. जिच्याकडे भिशी आहे तिने काचेचे पेले आत्ताच माळ्यावर टाकलेत.