सेल्फ मारा, सेल्फ!

धुळ्यात बंद पडलेली गाडी फार वेळ एकटी राहत नाही. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग इथेच भेटतात. ट्रक, टँकर, लक्झरी बघून बघून इथल्या माणसाला बॉनेटच्या आतलं ज्ञान बाळकडूतच मिळतं. साक्री रोडवर मी किल्ली फिरवली, आतून नुसतं ‘कट्’ झालं, आणि तेवढ्यावर समोरच्या चहाच्या टपरीचं बाकडं रिकामं झालं.

“काय व्हयनं, भाऊ?”

“बॅटरी मरी गई,” माझ्याऐवजी दुसऱ्यानेच उत्तर दिलं.

खानदेशात बॅटरीवर आळ घ्यायला पुरावा लागत नाही. मे महिन्यात पारा 44-45 वर गेला की तिच्यातलं पाणी आटतं आणि प्लेटा वेळेआधीच म्हाताऱ्या होतात. ती दगा देते थंडीत, पण तिला आतून पोखरलेलं असतं उन्हाळ्याने. शिवाय गाडीच्या वायरिंगमधली दुकानातून उचलून आणण्याजोगी वस्तू ती एकच. त्यामुळे निदान तिच्यापाशी येऊन थांबतं ते थांबतंच.

पण ‘कट्’ वेगळं आणि ‘कटकटकट’ वेगळं. किल्ली फिरवल्यावर थोडा करंट जातो सोलेनॉइडकडे. वायरमन लोक त्याला ‘ऑटोमॅटिक’ म्हणतात. तो बेंडिक्सचे दाते फ्लायव्हीलच्या दात्यांत ढकलतो आणि त्याच झटक्यात तांब्याचे दोन जाड कॉन्टॅक्ट जोडून शे-दीडशे अँपिअरचा लोंढा स्टार्टरमध्ये सोडतो. बॅटरी उतरलेली असली तर लोंढा सुटताच व्होल्टेज कोसळतं, पकड सुटते. पकड सुटली की व्होल्टेज सावरतं, ऑटोमॅटिक पुन्हा उठतो. मांडवात रुसलेल्या जावईबापूंसारखी त्याची ऊठबस चालू राहते. माझं ‘कट्’ मात्र एकच होतं, आणि हेडलाइट दणक्यात पेटत होते. हे मी सांगितलंही. पण गर्दीला पेशंटचं म्हणणं कधी ऐकायचं असतं?

एकाने धक्क्याची तयारी केली. दुसरा म्हणाला, स्टार्टरवर पान्याने दोन टोले हाणा. (उपाय अडाणी वाटतो, पण अडकलेले कार्बन टोल्याने कधीकधी खरोखर जागेवर येतात.) एसटीतून निवृत्त झालेले एक आबा ‘उतार बघूनच गाडी उभी करावी’ असं म्हणाले आणि थेट हँडलच्या जमान्यात गेले. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, नाहीतर इंजिन उलटा हिसका देतं आणि हात मोडतो. अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने 1912च्या कॅडिलॅकला विजेचा सेल्फ बसवून मोटारवाल्यांची मनगटं वाचवली. आबांच्या मते मात्र त्यामुळे ड्रायव्हर बिघडले.

शेवटी वायरमन आला. बॅटरीवर मीटर लावला : 12.6. “सेल्फ मारा.” मारला. काटा जेमतेम हलला. चांगला सेल्फ लागला की व्होल्टेज दीड-दोनने तरी खाली येतं. इथे लोंढा निघतच नव्हता. त्याने बॅटरीच्या निगेटिव्हला जम्पर केबल लावली, दुसरं टोक थेट इंजिनच्या लोखंडाला चिकटवलं. “मारा आता.” गाडी पहिल्या झटक्यात सुरू.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, म्हणून बॉडीशी त्याचं नातं टिकवायला अर्थिंगची एक पट्टी असते. ती बोल्टापाशी गंजून गेली होती. दिव्यांची अर्थिंग बॉडीवर, म्हणून ते झकास. उपास घडला तो एकट्या स्टार्टरला. वायरमनने बोल्ट खोलला, पॉलिश पेपरने जागा चकचकीत घासली, नवी पट्टी आवळली. बिल इतकं किरकोळ झालं की गर्दीचा हिरमोड झाला. एवढी माणसं जमली आणि निघालं काय, तर गंज!

पांगापांग सुरू झाली. पहिलं निदान करणारा मात्र बॉनेटला टेकून उभाच राहिला.

“तरी बी बॅटरी बदलीच टाका, भाऊ.”

त्याच्या शालकाचं बॅटरीचं दुकान पारोळा रोडला होतं.