आवक-जावकवाले बाबूजी

पारशिवनीच्या एका सरकारी ऑफिसात (कोणत्या, ते विचारू नका, तुमच्याही ऑफिसात ते असतीलच) आवक-जावकच्या टेबलावर एक बाबूजी असतात. म्हणजे टेबल असतं. बाबूजी सापडत नाहीत.

2020 साली पाच दिवसांचा आठवडा झाला तेव्हा बाबूंची वेळ पावणेदहा ते सव्वासहा ठरली. बाबूजी नवालाच हजर. शिपायाच्या आधी कुलूप तेच उघडतात, कूलरमध्ये पाणी तेच भरतात. प्रिंटरमध्ये कागद अडकला की जीभ दातांत धरून, दोन बोटं आत घालून तो असा अलगद ओढतात की सुईणीनंही पाहत राहावं. जूनमध्ये दाखल्यांची झुंबड उडाली की मुक्काम व्हरांड्यात. "बाबाजी, आधारवर रामा अन् सातबाऱ्यावर रामाजी हाय. प्रतिज्ञापत्र लागन." असं म्हणून कोलितमारा गावाकडून आलेल्या म्हाताऱ्याचा फॉर्म स्वतःच्या पेनानं भरून देतात. चहा पाजतात तेही बाबूजीच. महाशिवरात्रीच्या सुट्टीतही घोगरा महादेवाच्या जत्रेत मोटारसायकली रांगेत लावतात.

अमेरिकेतल्या डेनिस ऑर्गन या प्राध्यापकांनी 1988 साली अशा लोकांवर अख्खं पुस्तक लिहिलं. साहेब न्यायानं वागतो असं वाटलं की माणूस नेमून न दिलेलं कामही आपणहून करतो, असा त्यांचा एक मुद्दा. आपल्याकडे साहेब साधारण तीन वर्षांनी बदलतो. त्याचा न्याय कळेस्तोवर निरोपाचा नारळ आणायची वेळ येते. (तोही बाबूजीच आणतात.)

मला कारण वेगळंच दिसतं. टपालाचा एक नंबर चुकला की मेमो येतो. प्रिंटर दुरुस्त करता करता कायमचा मोडला, तरी लोक म्हणतात, "जाऊ द्या बाबूजी, तुमी होते म्हणून कोनी हात तरी लावला!" ज्या कामाचा जाब नाही आणि आभार मात्र रोख, ते सोडून रजिस्टरात कोण डोकं घालेल? शिवाय दिवसातून वीस जण "बाबूजी, तुमच्याबिगर होत नाही" म्हणतात. पगारवाढीच्या आदेशात हे वाक्य कुठे असतं?

परवा घरी वहिनी भडकल्या. "महिना झाला, मोरीतला नळ गळून राह्यला. लेखी अर्ज देऊ का तुमच्या ऑफिसात?"

बाबूजी गडबडले. "नको वं. आवकचा टेबल माह्याकडंच हाय. तिथं पडून राहीन."