पॅरामीटरदादा

विद्यापीठ कोल्हापूरचं असो की जळगावचं, भौतिकशास्त्र विभागात एक तरी पॅरामीटरदादा सापडतोच. पीएचडीचं कितवं वर्ष, ते विचारू नये. हातात पान्हा, खिशात मल्टिमीटर. गावी गेला की आत्या विचारते, “एवढं शिकून कुकरच लावतोस होय रे?” दादा गंभीरपणे सांगतो, “आत्या, कुकरला शिट्टी असते. आमच्या ऑटोक्लेव्हला नसते.” खरंच आहे ते. टेफ्लॉनचं भांडं, त्याभोवती पोलादी डबा, पान्ह्यानं आवळलेलं झाकण आणि आत शंभर अंशांच्या वर तापूनही कुठं पळता न येणारं पाणी.

दादाचा धर्म एकच: एका वेळी एकच पॅरामीटर बदलायचा. चहा गोड झाला तर मेसच्या मावशींना बजावतो, “उद्या फक्त साखर कमी करा, दुधाला हात लावू नका. नाहीतर कशानं सुधारला ते कळायचं कसं?” मावशींनी दोन्ही कमी केलं, तर आठवडाभर अबोला. घरच्यांनी दोन स्थळं दाखवली, तेव्हा दोन्हीकडे तोच शर्ट घालून गेला. तुलना व्हायला नको?

ओव्हनपुढं मात्र हे खूळ खूळ राहत नाही. मिनेसोटाच्या लिऊ आणि आयडिल यांनी 2009 साली छापलेली कृती दादाला पाठ आहे: 30 मिली पाणी, 30 मिली तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल, 1 मिली टायटॅनियम ब्युटॉक्साइड, 150 अंश, 20 तास. एवढं जमलं की काचेवर रुटाइलच्या, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडच्या एका स्फटिकरूपाच्या, चौकोनी डोक्यांच्या नॅनोकांड्या दाटीनं उभ्या राहतात. आम्ल कमी पडलं की टायटॅनियम घाईघाईनं पांढरा गाळ होऊन बसतं. फार झालं की काच कोरीच. जास्त वेळ ठेवली तर कांड्या वाढतात, पण हाव केली की अख्खा थर काचेवरून सुटून येतो. काचही साधी चालत नाही, एफटीओची, म्हणजे फ्लोरिन मिसळलेल्या टिन ऑक्साइडचा वाहक थर असलेली लागते. त्या टिन ऑक्साइडची स्फटिकरचना रुटाइलच्याच घराण्यातली, म्हणून कांड्यांना पाय रोवता येतात.

काच ठेवायचा सोहळा बघण्यासारखा. आधी मल्टिमीटर टेकवून वाहक बाजू कुठली ते बघायचं, मग ती खाली तोंड करून भांड्याच्या भिंतीला तिरकी टेकवायची, म्हणजे वरून पडणारा गाळ तिच्यावर बसत नाही. चिमट्यानं काच सोडताना दादा श्वास रोखतो. आजूबाजूच्यांनीही रोखावा, अशी अपेक्षा असते.

शेजारच्या टेबलावरचा भिडू अल्कलीवाला. तो कासुगा या संशोधकाच्या 1998च्या वाटेनं जातो: टायटॅनियम डायऑक्साइडची भुकटी 10 मोलर कॉस्टिक सोड्यात, 110 अंशांना, 20 तास, मग धुलाई. निघतात त्या पोकळ नळ्या, जेमतेम 8 नॅनोमीटर व्यासाच्या. तापमान 180च्या आसपास चढवलं की नळ्या जाऊन तारा नाहीतर पट्ट्या हाती लागतात. दादाच्या मते अल्कलीवाले लोक संस्कारहीन. अल्कलीवाल्याच्या मते दादाच्या आम्लानं विभागातली कुलुपं गंजली. कुलुपांबाबत मी अल्कलीवाल्याच्या बाजूनं आहे.

सेमची, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची, तारीख मिळायला महिना, आणि चित्रात कांड्या आडव्या दिसल्या की सरांचा एकच प्रश्न: “काय बदललं होतं?” त्याचं उत्तर देऊ शकणारा विभागात दादा एकटाच.

तेव्हा विभागात कधी गेलात आणि ओव्हनवर ‘उघडू नये’ अशी चिठ्ठी दिसली, तर कृपया उघडू नका. आणि मध्येच वीज गेलीच, तर किती वाजता गेली ते तेवढं लिहून ठेवा.