फक्त या कामापुरते

अण्णांकडे आधार कार्डाची झेरॉक्स मागायची तर अर्ध्या तासाची सवड काढून जावं. नाही म्हणत नाहीत, देतात. पण आधी चष्मा सापडावा लागतो, मग पट्टी, मग निळं पेन. झेरॉक्सवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन तिरक्या रेघा आणि त्यांच्या मधोमध टपोऱ्या अक्षरांत : 'फक्त गॅस कनेक्शनच्या कामापुरते.' खाली सही, तारीख आणि वेळ. हो, वेळसुद्धा. ही अक्षरं नेमकी फोटोतल्या नाकावरून जातात, त्यामुळे दोनदा कागद परत आलाय. 'चेहराच दिसत नाही,' असं काउंटरवरची मुलगी म्हणाली तेव्हा अण्णांना झालेला आनंद नातू झाला तेव्हाही दिसला नव्हता, असं काकू सांगतात.

मग दोनशे पानी वही निघते. आजवर दिलेल्या एकूण एक झेरॉक्सची तीत नोंद आहे. अनुक्रमांक, कोणाला दिली, कशासाठी, परत मिळाली का. शेवटचा रकाना पहिल्या पानापासून कोरा आहे, पण आखायचं मात्र ते सोडत नाहीत.

अण्णांची सगळी नोकरी लेखापरीक्षणात गेली. जिल्हा परिषदांची आणि पंचायत समित्यांची दप्तरं तपासून त्यांची नजरच तशी झालीय. समोर कागद आला की आधी जावक क्रमांक बघायचा, मजकूर मग. मुलानं मोबाईल घेऊन दिला, तोही त्यांनी दप्तरासारखाच तपासायला घेतला आणि त्यावरचे आक्षेप अजून निकाली निघालेले नाहीत. "टॉर्चच्या ॲपला माझे फोन नंबर कशाला हवेत? अंधारात त्याला कोणाला फोन करायचाय?" मी हसलो खरा, पण उत्तर मला तरी कुठे येत होतं?

फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यावर काकूंची मरून टिकली लावलेली असते. कोणी चेष्टा केली की अण्णा 2016 सालच्या त्या फोटोची आठवण करून देतात, ज्यात खुद्द फेसबुकवाल्या झुकेरबर्गच्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी दिसली होती. "हलवाई स्वतःची मिठाई खात नसेल तर आपण बॉक्स घ्यावा का?"

24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, त्या संध्याकाळी अण्णांनी सोसायटीत पेढे वाटले होते. कोणाला तरी मुलगा झाला असं समजून आम्ही खाल्ले. पुढच्या वर्षी सप्टेंबरात आधारचा निकाल लागला. बँक खात्याला आणि सिमकार्डाला आधारची सक्ती नको, पण पॅनला आणि सरकारी अनुदानाला हवं. पाचांपैकी चार न्यायाधीश एका बाजूला, एक दुसऱ्या. अण्णा अर्थातच त्या एकाच्या बाजूला. त्या दिवशी घरटी अर्धा पेढा आला.

त्यांच्या कपाटाच्या दारावर आतून दोन कात्रणं शेजारीशेजारी चिकटवलेली आहेत. पहिलं मे 2022 चं. आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, गैरवापर होऊ शकतो, असं आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्याच एका कार्यालयानं सांगितलं होतं. दुसरं त्यानंतर दोनच दिवसांचं. आधीचं पत्रक मागे घेतलं आहे, लोकांनी नेहमीचं तारतम्य बाळगावं. अण्णांनी 'तारतम्य' शब्दाखाली लाल रेघ मारून समासात लिहिलंय, 'नमुना जोडावा.'

घरपोच सामान आणणारी पोरं त्यांच्या दाराची बेल जपून वाजवतात.

"काका, ओटीपी सांगा."

"हे बघ, काय लिहिलंय. हा क्रमांक कोणालाही सांगू नका. मागच्या आठवड्यात बँकेचाही असाच आला होता."

"तो बँकेचा, काका. हा मलाच सांगायचा असतो."

"हे तू सांगतोयस. लेखी कुठे आहे?"

एवढा चोख माणूस, पण बँकेचा पिन स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशोबाशेजारी, उलटा लिहून ठेवतो. उलटा आहे हे दूधवाल्यालाही माहीत आहे. किल्ली खाली वॉचमनकडे असते. सांगायला गेलं की म्हणतात, "माणूस डोळ्यांसमोर असतो ना!" आजवर त्यांचे पैसे बुडाले ते एकदाच, एका पतसंस्थेत. तिथला मॅनेजर ठेव ठेवायला गेलेल्याला वेलचीचा चहा पाजायचा. पैसे बुडाल्याचं सांगताना अण्णा अजून म्हणतात, "चहा मात्र उत्तम."

'डिजिटल अरेस्ट' नावाची काही भानगड कायद्यातच नाही, असं पंतप्रधानांनी ऑक्टोबर 2024 मध्ये 'मन की बात'मधून सांगितलं, त्याच दिवाळीत अण्णांना फोन आला. व्हिडिओ कॉल, पलीकडे खाकी गणवेश. तुमच्या आधारवर पाठवलेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, दार लावून घ्या, फोन बंद करायचा नाही.

मी तेव्हा चकलीचं ताट पोचवायला गेलो होतो, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. अण्णांनी वही उघडली.

"मेरा आधार ना? तुम्हारे झेरॉक्सपे क्या लिखा है, वो पढो."

"क्या?"

"टेढी लाइन के बीच में. किस काम के लिए दिया, वो लिखा रहता है. टाइम भी."

साहेब ओरडले. अण्णांनी शांतपणे अटक वॉरंटचा जावक क्रमांक विचारला. साहेबांनी काहीतरी आकडा ठोकला. "साल नहीं बोला," अण्णा म्हणाले. मग साहेबांनी हुकूम सोडला, आधी कॅमेऱ्यावरचं ते काढा, चेहरा दिसत नाही. "वो मिसेसका है, पूछना पडेगा." आणि काकू लक्ष्मीपूजनाच्या तयारीत होत्या. चाळिसाव्या मिनिटाला फोन पलीकडूनच बंद झाला. सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 वर कळवा, मी म्हटलं. तो नंबर खरा कशावरून, असं विचारून अण्णा चपला घालून वही बगलेत मारून चौकीवर गेले आणि तक्रारीची पोच घेऊनच आले, शिक्क्यासकट.

मी हा किस्सा चार ठिकाणी रंगवून सांगितला. पुढच्याच महिन्यात माझ्या फोनवर मेसेज आला, बिल न भरल्यामुळे आज रात्री साडेनऊला वीज तोडण्यात येईल. खाली मोबाईल नंबर. जावक क्रमांक नव्हता. मी फोन लावला, पलीकडच्या सभ्य गृहस्थानं सांगितलेलं ॲप घेतलं आणि दहा मिनिटांत 4,800 रुपये गेले. वीज होती तशीच होती.

अण्णांना न सांगता चौकीवर गेलो. हवालदारांनी आधारची झेरॉक्स मागितली. का कोण जाणे, टेबलावरचं पेन उचललं, दोन तिरक्या रेघा ओढल्या आणि मध्ये लिहिलं, 'फक्त या तक्रारीच्या कामापुरते.' हवालदारांनी कागद हातात घेतला, माझ्या नाकावरची अक्षरं सावकाश वाचली आणि चष्म्यावरून बघत विचारलं,

"वहीवाल्या अण्णांच्या सोसायटीतले का?"