केबिनोत्तर गृहस्थ

मलकापूर, खामगाव, चिखली आणि खुद्द बुलढाणा या गावांतील मुले-मुली संगणकाच्या नोकऱ्यांसाठी अमेरिकेत जाऊ लागल्यापासून जिल्ह्यातील निवृत्त मंडळींत जे नवे प्रकार उदयाला आले, त्यांत केबिनोत्तर गृहस्थ हा सर्वांत बोलका प्रकार मानावा लागेल. केबिन म्हणजे निर्जन तलावाकाठची लाकडी खोली. आणि ज्याने लेकी-जावयाच्या आग्रहाखातर अलास्कातील अशा खोलीत दोन रात्री काढून उर्वरित आयुष्य त्या दोन रात्रींच्या कथनाला वाहिले आहे, तो केबिनोत्तर गृहस्थ. हा बहुधा पंचायत समितीतून निवृत्त झालेला असतो, जावयाने घेऊन दिलेले जाकीट एप्रिलमधल्या पहाटफेरीलाही सोडत नाही, आणि चर्चा कापसाच्या भावाची असो की कोणाच्या गुडघेदुखीची, तिसऱ्या वाक्याला तो पाण्यावर उतरतो.

पाण्यावर उतरणे येथे शब्दशः घ्यावयाचे आहे, कारण कथनाचा पूर्वार्ध विमानानेच व्यापलेला असतो. चाकांच्या जागी दोन लांबट पोकळ तराफे बसविलेले हे विमान पाण्यावरूनच उडते व पाण्यावरच टेकते. जेथे रस्ता पोहोचत नाही तेथे ते आपल्याकडच्या काळीपिवळीसारखे चालते, आणि १९४७ साली कॅनडात प्रथम उडालेले बीव्हर नावाचे एकइंजिनी विमान या कामी आजही वापरात आहे. मात्र काळीपिवळीत जे कधीच घडत नाही ते येथे घडते: सामानाबरोबर प्रवाशांचेही वजन विचारले जाते. गृहस्थ आपले नोकरीत रुजू होतानाचे वजन सांगतो, सौभाग्यवती काहीच सांगत नाहीत, आणि अखेर दोघांनाही ज्वारीचे पीठ, बिबडे, काळा मसाला व ठेच्याची बरणी यांच्यासह काट्यावर उभे केले जाते. पुढे काय झाले याविषयी पाठभेद आहे. गृहस्थाच्या मते वैमानिकाने ठेच्याची बरणी खाली ठेवायला लावली. सौभाग्यवतींच्या मते बरणी चढली आणि गृहस्थाची दुर्बीण व एकांतात वाचावयाचे जाडजूड ग्रंथ खाली राहिले. तलावाकाठच्या छायाचित्रात बरणी स्पष्ट दिसत असल्याने अभ्यासकाने दुसरा पाठ ग्राह्य धरावा.

आग्नेय अलास्कातील टोंगास हे अमेरिकेतील सर्वांत मोठे राष्ट्रीय वन असून तेथील वनखाते अशा खोल्या भाड्याने देते. खोलीत लाकडी फळ्यांचे पलंग असतात, गाद्या नसतात. शेगडी असते, वीज नसते. पाणी तलावातून आणून उकळावे लागते, शौचकूप बाहेर झाडीत असतो आणि केलेला कचरा परतताना सोबत न्यावा लागतो. ज्याने आपल्या गावातील चूल, कंदील आणि परसाकडची वाट यांपासून सुटका व्हावी म्हणून शिक्षण घेतले, आणि पुढे गटविकास अधिकारी या नात्याने हागणदारीमुक्तीचे फलक गावोगावी उभे केले, त्याच गृहस्थाने मध्यरात्री विजेरी घेऊन झाडीत जाण्यासाठी डॉलर मोजावेत, यातील विसंगती त्याला जाणवत नाही. त्याला ती प्रगती वाटते. सौभाग्यवतींची अडचण वेगळीच होती. जूनमध्ये तेथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळत असल्याने दिवेलागण होईना, त्यामुळे शुभंकरोती केव्हा म्हणावी हा प्रश्न दोन्ही दिवस अनिर्णीत राहिला. एकांताविषयी म्हणावे, तर पहिल्या तासाभरात गृहस्थाने सर्व दिशांना मोबाइल उंचावून पाहिला व रेंज नसल्याचे चार वेळा जाहीर केले, एवढाच वृत्तांत विश्वसनीय आहे.

कथनाचा कळस अस्वलाने गाठला जातो. वासाने अस्वले येतात म्हणून तेथे अन्न बंदोबस्तात ठेवावे लागते, आणि त्या रात्री जे खुडबुडले ते अस्वलच होते, खार नव्हे, यावर गृहस्थ ठाम असतो. परंतु बुलढाण्यातील श्रोता या ठिकाणी दाद देत नाही, आणि त्याला कारण आहे. बुलढाणा–खामगाव रस्ता ज्या ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो, ते १९९७ साली घोषित झालेले सुमारे २०५ चौरस किलोमीटरचे जंगल अस्वलांसाठीच ओळखले जाते. इतकेच नव्हे, तर २०१९ मध्ये टिपेश्वरहून निघालेला टी१सी१ हा तरुण वाघ महाराष्ट्र व तेलंगणातून शेकडो किलोमीटर चालत येऊन येथेच काही काळ राहिला, आणि त्याने त्याविषयी कोणाला छायाचित्रे दाखविल्याची नोंद नाही. पारावरचा श्रोता म्हणूनच विचारतो, "काका, अस्वल पाहाले इतक्या दूर कायले गेल्ते? बोथ्याच्या घाटात तं फुकट भेटते."

या प्रश्नाने डिवचला गेलेला गृहस्थ सार्वजनिक कार्याकडे वळतो व जिल्ह्यात तरंगत्या विमानाची सेवा सुरू व्हावी असे निवेदन तयार करतो. २०१७ साली साबरमतीहून धरोई धरणापर्यंत पंतप्रधानांनी केलेले उड्डाण आणि २०२० साली सुरू झालेली साबरमती–केवडिया सेवा हे दाखले त्यात असतात. ती सेवा पुढे बंद पडली हा तपशील नसतो. जलाशयाची निवड मात्र अवघड जाते. लोणार हे अभयारण्य, शिवाय २०२० पासून रामसर पाणथळ स्थळ, आणि भोवती विवराचा सव्वाशे मीटरहून उंच कडा. पलढग ज्ञानगंगेच्या अभयारण्यात. उरले येळगाव, तर त्या धरणाचे पाणी बुलढाणेकरांच्या नळाला येते आणि उन्हाळ्यात ते किती उरेल हे वरुणराजाच जाणे. अखेर "योग्य तो जलाशय" असे मोघम लिहून निवेदन संबंधित कार्यालयात दिले जाते. जलाशय, पातळी आणि "तातडीने" हे तीन शब्द पाहून आवक-जावक कारकून ते पाणीटंचाईच्या फायलीला लावतो, आणि महिनाभराने गृहस्थाला उत्तर येते, की टँकरचा प्रस्ताव ग्रामपंचायतीच्या ठरावासह फेरसादर करावा.